पणजीत उतरायचं कुठे?

पत्र थोडक्यात असं. कोल्हापूरच्या एक वाचक ताई लिहितात: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरचे चौघे स्वतःच्या गाडीने गोव्याला निघालेत, चार रात्रींसाठी. सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांना मंगेशीचं दर्शन घ्यायचंय आणि कवळ्याच्या शांतादुर्गेची राहून गेलेली ओटी भरायचीय. मुलगी १९ वर्षांची. तिला पणजीच्या फोंतेन्हासमधल्या एखाद्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरातच राहायचंय, फोटोही काढून ठेवलेत. यजमानांचं म्हणणं, "पणजीत काय ठेवलंय? कचेऱ्यांचं गाव ते. कळंगुटला समुद्रासमोर राहू." बुकिंगचं काम नेहमीप्रमाणे ताईंच्या गळ्यात. "काहीही ठरवलं तरी कुणीतरी चार दिवस तोंड पाडून बसणार आणि बोलणी मी खाणार. सगळ्यांना सगळं जवळ पडेल अशी एखादी मध्यवर्ती जागा सांगा. मला स्वतःला कुठेही चालेल, संध्याकाळी नदीकाठी घटकाभर बसायला मिळालं तरी पुष्कळ."

ताई,

मध्यवर्ती जागा सांगा म्हणता, पण पणजीत या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती. महाद्वारापासून रंकाळ्यापर्यंत तुम्ही ज्या सहजतेने चालत जाता, तेवढ्यात इथे चर्च चौक, १८ जून रस्ता, आझाद मैदान, मांडवीचा काठ असं अर्धं गाव पायाखालून जातं. त्यामुळे या हॉटेलपेक्षा ते हॉटेल पाचशे मीटरने जवळ, या हिशेबात रात्र जागवू नका.

खरी अंतरं आहेत ती गावाबाहेर. मंगेशी पणजीपासून पूर्वेला वीसेक किलोमीटर, कवळे त्याच्याही पुढे फोंड्याजवळ. कळंगुट उत्तरेला पंधराएक किलोमीटर, मांडवी ओलांडून. म्हणजे सासूबाई आणि यजमान यांच्या इच्छा दोन दिशांना आहेत आणि पणजी आपसूकच मधे येते. कळंगुटला राहून मंगेशी करायचं तर जाताना-येताना पर्वरी आणि मांडवीचे पूल, तेही डिसेंबरच्या गर्दीत. ज्यांचे गुडघे गाडीत बसून आखडतात त्यांना हा प्रवास सगळ्यात आधी जाणवेल. तेव्हा मध्यवर्ती जागा तुम्हाला सापडलेलीच आहे, ती म्हणजे पणजी. प्रश्न उरतो तो पणजीत नेमकं कुठे, आणि चारही रात्री तिथेच का, एवढाच.

एक सावधगिरी मात्र आधी. हॉटेलच्या पाटीवर आणि बुकिंगच्या ॲपवर 'पणजी' हे नाव फार सैल वापरतात. पर्वरीतलं हॉटेल पणजी होतं, बांबोळीतलं पणजी होतं, दोनापावल्याचं रिसॉर्टही पणजीच. तशी ही राजधानीच जागा बदलत आलेली आहे. आधी जुने गोवे. तिथल्या साथींना कंटाळून व्हाइसरॉय १७५९ साली पणजीत, आदिलशहाच्या वाड्यात राहायला आले. पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा १८४३ साली मिळाला. आणि २००० साली विधानसभा त्याच वाड्यातून उठून नदीपलीकडे पर्वरीला गेली. यजमानांना सांगा, ज्या कचेऱ्यांची त्यांना धास्ती आहे त्यातल्या बऱ्याच आता पणजीत नाहीतच. तुम्ही बुकिंग करताना नावावर जाऊ नका, नकाशा उघडा आणि हॉटेल मांडवीच्या अलीकडे आहे की पलीकडे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता मुलीचं फोंतेन्हास. तिची निवड वाईट नाही, मी तिच्या बाजूची आहे. आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या बेचक्यात बसलेला हा भाग आहे: पिवळी, निळी, गेरू रंगाची घरं, पांढऱ्या किनारी, कौलांवर मातीचा कोंबडा, अरुंद गल्ल्या. गोवेकर या सगळ्या पट्ट्याला मळा म्हणूनही ओळखतात. फोटोत जे दिसतं ते खरंच आहे. फोटोत दिसत नाही ते मी सांगते. या घरांना लिफ्ट नसते. खोली बहुधा वरच्या मजल्यावर आणि जिना लाकडी, उभा, कठडा एकाच बाजूला. लाकडी तक्तपोशीवर वरचा माणूस रात्री पाणी प्यायला उठला की खालच्याला कळतं. गाडी दारापर्यंत जाईलच असं नाही आणि गेली तरी लावायला जागा मिळेलच असं नाही. ओहोटीच्या वेळी खाडीला वास येतो, संध्याकाळी डास येतात. आणि नऊ-दहा वाजले की गल्लीत फोटोवाले. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, त्यांचे छत्रीवाले, रिफ्लेक्टरवाले. तिथल्या रहिवाशांना याचा इतका जाच झालाय की काही घरांवर 'फोटो काढू नका'च्या पाट्या लागल्यात. तुम्ही खिडकीत दात घासत उभ्या राहिलात तर कुणाच्या तरी फोटोत कायमच्या अडकाल.

पण हेच फोंतेन्हास सकाळी साडेसहा-सातला बघण्यासारखं असतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, मागच्या टोपलीवर प्लॅस्टिकचा कागद, आत गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पोळी. पोळी म्हणजे आपली पोळी नव्हे, कोंड्याचा पाव असतो तो. वरच्या खिडकीतून पिशवी दोरीने खाली सुटते, पैसे त्यातच. कुणी दारासमोर झाडत असतं, कुणी कुत्र्याला घेऊन निघालेलं असतं. तासाभराने हे सगळं ओसरतं. हा तास गाठायला तिथे झोपायलाच हवं असं नाही, दहा मिनिटांवर झोपून लवकर उठलं तरी चालतं. मात्र १९ वर्षांच्या मुलीला 'लवकर उठ' सांगण्यापेक्षा तिथे नेऊन झोपवणं सोपं, हेही मला मान्य आहे. त्यावर पुढे येते.

सासूबाईंना मात्र फोंतेन्हासमध्ये ठेवू नका. त्या 'मला चालेल गं' म्हणतील. तरी नको. पहिल्या दिवशी चढतील, दुसऱ्या दिवशी चहा वर मागवतील, तिसऱ्या दिवशी 'तुम्ही जा, मी पडते जरा' म्हणतील. कुणी तक्रार केलेली नसेल आणि सहल मात्र एका माणसापुरती खोलीत संपलेली असेल. आल्तिनोवरच्या जागा शांत आणि हवेशीर असतात, पण चढ आहे. तेव्हा तेही त्यांच्यासाठी बाद.

त्यांच्यासाठी सपाट जमीन, लिफ्ट आणि गाडी दाराशी, एवढंच बघायचं. पणजीत हे दोन ठिकाणी जमतं. पहिलं पाटो, म्हणजे कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) बसस्थानकाच्या मागचा भाग. नवीन इमारती, बँका, ऑफिसं, रुंद रस्ते. बहुमजली वाहनतळही आहे. संध्याकाळी सहानंतर इथे शुकशुकाट होतो, त्यामुळे मुलगी नाक मुरडेल. पण खाडीवरचा पूल ओलांडला की समोर फोंतेन्हास. शिवाय राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पाटोलाच आहे, १८३२ साली स्थापन झालेलं. दुपारच्या उन्हात तासभर बसायला याहून चांगली जागा मला पणजीत माहीत नाही. आणि दुपारी तुम्हाला अशी जागा लागेल, कारण एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं शटर ओढून झोपतात. कोल्हापूरकराला हे पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, दुसऱ्या दिवशी तोही झोपतो.

दुसरं ठिकाण म्हणजे १८ जून रस्ता आणि बाजार यांच्या मधला भाग. मध्यम दर्जाची, घरगुती चालीची हॉटेलं इथे भरपूर. खाली उतरलं की चहा, पाव-भाजी, औषधाचं दुकान, काजूची दुकानं. इथली पाव-भाजी म्हणजे मुंबईची लाल नव्हे. सुकी भाजी, पातळ भाजी, किंवा दोन्ही एकात मिसळून, सोबत पाव नाहीतर गोडसर बन. सासूबाईंच्या उपासतापासाला आणि शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाला हा भाग सोयीचा, आणि दादा वैद्य रस्त्यावरचं महालक्ष्मीचं देऊळही इथून जवळ. तोटे म्हणाल तर दिवसा हॉर्न, गाडी लावायची मारामार, आणि रविवारी बाजार थंड. खोली घेताना रस्त्याकडची नको, मागची द्या म्हणून सांगायचं.

नदीकाठी, बांदोडकर मार्गावर राहण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण तुम्हाला नदी हवी आहे. पण तिथे रात्रीचा कारभार कॅसिनोंचा. बोटी मांडवीत नांगरलेल्या, त्यांची दुकानं आणि धक्के काठावर, दिव्यांची झगमग आणि गाड्यांची ये-जा उशिरापर्यंत. तिथे बसायला जा, झोपायला जाऊ नका. कांपाल-मिरामारकडे हा कलकलाट कमी होतो. कांपालला जुनी झाडं आहेत, कला अकादमी आहे, नदीलगत चालायला जागा आहे. मिरामारला वाळू आहे. तुमची गाडी नसती तर मिरामार मी सुचवलं नसतं, कारण गावापासून ते तीनेक किलोमीटर पडतं. गाडी आहे, म्हणून यादीत ठेवते. यजमानांना मात्र आधीच सांगा की मिरामार म्हणजे संध्याकाळी भेळ खात फिरायचा किनारा, डुंबायचा नव्हे. 'समुद्र आहे' असं सांगून तिथे नेलंत तर ते चारही दिवस ऐकवतील आणि त्यांचं चुकणार नाही.

देवळांचं काय? इथे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की चारही रात्री मुक्काम एकच. का बरं? ही देवळं पणजीपासून लांब आहेत याला कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गावांमधून देव हलवून लोकांनी त्यांना फोंड्याच्या बाजूला नेलं, कारण तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांकडे नव्हता. मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून. पुढे त्या देवळांभोवती अग्रशाळा, म्हणजे भक्तांच्या मुक्कामाच्या धर्मशाळा, उभ्या राहिल्या, त्या मुळात कुलदैवताला लांबून येणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठीच. खोल्या साध्या असतात. जेवण शिवराक, आवाज घंटेचा. पहिली रात्र तिथे काढा.

याचा हिशेब असा. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे आलात तर सावंतवाडी, म्हापसा, मग पणजी लागते आणि देवळं पुढे राहतात. बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला उतरलात तर पणजी न गाठता परस्पर फोंड्याकडे वळता येतं. घाटाची अवस्था निघण्याआधी विचारून घ्या, एवढंच. दुपारी पोहोचा, सासूबाईंना पाठ टेकू द्या, संध्याकाळची आरती निवांत होईल. सकाळी गर्दी व्हायच्या आत ओटी भरून पणजीला या. दिवसभराच्या धावपळीच्या फेरीत जे दर्शन उरकलं जातं, ते इथे होईल, आणि ज्यांच्यासाठी मुळात गोवा ठरला त्यांचं काम सुरुवातीलाच मार्गी लागेल. त्यानंतर त्या बाकीच्यांना कशालाही आडकाठी करणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. तुम्हाला तो माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

मंगेशीला सोमवारी पालखी असते. सासूबाईंना ती हवी असेल तर सोमवार साधा, गर्दी नको असेल तर टाळा, पण त्यांना विचारून. मंगेशीला गाडीतळापासून देवळापर्यंत फुलवाल्यांमधून थोडं चालावं लागतं, त्यांची काठी सोबत असू द्या. अग्रशाळेची खोली देवस्थानच्या कार्यालयात फोन करून मागायची. काही ठिकाणी महाजन (देवस्थानची मानकरी घराणी) आणि कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत आहे असे लोक) यांना आधी देतात, तुम्ही कुळावी असाल तर तसं सांगा.

राहिल्या तीन रात्री. इथे तुमचं दुसरं गृहीतक: चौघांनी एकाच छपराखाली झोपायचं. आपल्याकडे सहलीला गेलं की हे न बोलता ठरलेलं असतं. वेगळं उतरलं तर 'भांडण झालं का?' असं नातेवाईक विचारतात. मुंबईत किंवा दिल्लीत वेगळं उतरणं खरंच वेडेपणाचं; अर्धा दिवस एकमेकांना गाठण्यात जातो. पणजीत तसं नाही. पाटोचं हॉटेल आणि फोंतेन्हासचं घर यांच्यात दहा मिनिटांची चाल आहे. म्हणून तिन्ही रात्री पाटोला दोन खोल्या घ्या आणि त्यातली एक रात्र तुम्ही आणि मुलगी फोंतेन्हासच्या घरात राहायला जा. यजमान आणि त्यांच्या आई हॉटेलात. रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकत्र, मग तुम्ही दोघी एकेक पिशवी घेऊन पूल ओलांडायचा. सकाळी नऊला न्याहारीला पुन्हा चौघे. एका खोलीचे पैसे त्या रात्री वाया जातील, हे खरं. ते डोळ्यांआड करू नका, खर्चात धरूनच ठरवा. नको वाटलं तर पाटोची दुसरी खोली दोनच रात्रींची घ्या; यजमान एक रात्र आईच्या खोलीत झोपले तर काही बिघडत नाही. उलट मायलेकांना तेवढंच निवांत बोलता येईल.

हे मी मुलीसाठी जेवढं म्हणते तेवढंच तुमच्यासाठी. पत्रात तुम्ही तिघांच्या इच्छा तपशिलाने लिहिल्यात, कुणाला कुठली खोली, कुठला समुद्र, कुठली देवी. स्वतःविषयी शेवटची एक ओळ, तीही 'कुठेही चालेल'ने सुरू होणारी. बुकिंग करणाऱ्या बाईचं हे नेहमीचं दुखणं आहे. आपली इच्छा यादीत नसली की आपण पंच होतो, आणि पंचाला सगळेच बोलतात. तुमची इच्छा तर अगदी स्पष्ट आहे. संध्याकाळी नदीकाठी बसायचंय. ती 'कुठेही' पुरी होणार नाही. कळंगुटला तर मुळीच नाही. तेव्हा घरात सांगताना 'तुमचं काय ते ठरवा' असं न म्हणता 'मला रोज सहा ते सात नदीकाठ हवा' असं सांगून बघा. कांपालला बसा, किंवा गर्दी चालत असेल तर बेतीच्या फेरीबोटीने नुसतं पलीकडे जाऊन परत या. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. एकदा दुसऱ्या कुणाला नको असेल तर एकट्या जा. गाव तेवढं लहान आहे आणि तुम्ही तेवढ्या मोठ्या आहात.

यजमानांचा समुद्र बुडवू नका. ते काही गैर मागत नाहीत. गोव्याला जाऊन समुद्र न बघता परतायचं असेल तर मीही कुरकुर केली असती. एक पूर्ण दिवस त्यांचा. सकाळी लवकर गाडी बेतीच्या फेरीबोटीत घाला, पलीकडे रेइश मागुशचा किल्ला बघा. नीट दुरुस्त केलेला आहे, आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, आणि वरून पणजी समोर पसरलेली दिसते. तिथून पुढे कांदोळी, कळंगुट. अकराच्या आत पाण्यात उतरून, जेवून, सूर्यास्ताच्या गर्दीआधी परत. किल्ल्याला चढ आहे, सासूबाई त्या दिवशी हॉटेलवर राहिल्या तरी चालेल; देवदर्शन झालेलं असल्याने त्यांना ते जड जाणार नाही. आणि यजमानांना समुद्रासमोरची खोलीच हवी असेल, एका दिवसाने भागणार नसेल, तर मग खरं सांगते, पणजीत राहण्याचा अट्टहास सोडा. मुलीची एक रात्र फोंतेन्हासला, अग्रशाळेची एक रात्र, आणि शेवटच्या दोन रात्री किनाऱ्यावर. सामान दोनदा बांधायची तयारी असेल तर हाही बेत चांगला आहे. मला पहिला आवडतो, कारण गुडघ्यांना सामान बांधणंसोडणंही जड जातं.

तुमच्यासारखीच पत्रं आणखीही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये माणूस दाखवायला येणाऱ्यांनी पणजीत मुळीच उतरू नये. बांबोळी किंवा सांताक्रुझला बघावं, रात्री-अपरात्री पळावं लागतं तेव्हा गावातल्या खोलीचा उपयोग नाही. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवाला येणाऱ्यांनी कांपाल किंवा सांतिनेज धरावं, रात्रीचा शेवटचा खेळ संपल्यावर चालत येता आलं पाहिजे, कारण तेव्हा बस नसते आणि टॅक्सीचा भाव ऐकून चित्रपट विसरायला होतो. विधानसभेत किंवा उच्च न्यायालयात काम असेल तर दोन्ही पर्वरीला आहेत, तिथेच राहा. रेल्वेने येणाऱ्यांना पणजीत स्टेशन नाही. सगळ्यात जवळचं करमळी, दहा-बारा किलोमीटरवर. तुमची गाडी तिथे थांबते का ते आधी पाहा, नाहीतर थिवी किंवा मडगाव. मडगावहून कदंबची विनाथांबा बस मिळते, तिकीट खिडकीवर घेऊन रांगेत चढायचं. अशांनी पाटोच निवडावं, बस थेट तिथेच सोडते. एकट्याला गावात फिरायला मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा, स्वस्त पडतो, भाडं बसण्याआधी ठरवावं. स्कूटर भाड्याने घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये, पोलिसांनी अडवलं की त्रास घेणाऱ्याला होतो.

आता फोन करताना काय विचारायचं ते. लिफ्ट आहे का, एवढं विचारून थांबू नका; लिफ्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या आहेत ते विचारा. पुष्कळ हॉटेलांत आधी आठ-दहा पायऱ्या चढून स्वागतकक्ष आणि मग लिफ्ट. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, संडास कोणत्या पद्धतीचा, उंबरा किती उंच. गाडी हॉटेलच्या आवारात लागते की रस्त्यावर. खोली किती वाजता मिळते, आणि आधी पोहोचलो तर सामान ठेवून घेतील का. फोंतेन्हासच्या घरवाल्यांना खोली कुठल्या मजल्यावर आहे आणि रात्री दार किती वाजता बंद होतं ते विचारा. ते काम मुलीला द्या. जी जागा तिने निवडली, तिथला डास आणि तिथला जिना तिचाच.

आणि तारखा पक्क्या करताना एवढं बघा: ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, म्हणजे सण, असतं, त्याला जोडून काही दिवस चर्चच्या आसपास फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते. खाजे, खेळणी, भांडी, रोषणाई. मुलीला आवडेल, पण त्या भागातून गाडी काढणं कठीण होतं आणि खोल्या लवकर भरतात. नाताळ जवळ येईल तसे दर चढतात. म्हणून पहिला फोन देवस्थानला करा, अग्रशाळेची तारीख हातात आली की दुसरा पाटोला. ऑनलाइन घेत असाल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळणारं बुकिंग घ्या, चार पैसे जास्त गेले तरी; गुडघ्यांचा भरवसा नसतो.